निगेटिव्ह एक्झोम आणि न वाचलेलं जनुक: नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा. फळ्यावरचं दिसत नाही अशी शाळेतून तक्रार आली, म्हणून आईवडील त्याला नाशिकला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून सरकलेली निघाली. वयाच्या मानाने उंची जास्त, हातापायांची बोटं लांबसडक, अभ्यासात थोडा मागे. आईवडील आते-मामे भावंडं. धाकटी बहीण चार वर्षांची, तिची तोवर काहीच तक्रार नव्हती.

भिंगं काढण्याची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी कारण शोधावं म्हणून बालरोगतज्ज्ञांनी एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांचं वाचन, सांगितली. रक्ताचा नमुना बाहेरगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत गेला. सोबतच्या अर्जावर एकच निदान लिहिलं होतं: ‘मार्फन सिंड्रोम?’ (अवयवांना आधार देणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक आजार)

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. ‘लक्षणांशी जुळणारा कोणताही रोगकारक बदल आढळला नाही.’ शेवटच्या पानावर तपासलेल्या जनुकांची यादी होती: एफबीएन१, टीजीएफबीआर१, टीजीएफबीआर२, एडीएएमटीएसएल४, सीबीएस वगैरे. सरासरी डेप्थ (एक जागा किती वेळा वाचली गेली तो आकडा) ९२, आणि लक्ष्यित भागापैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग किमान २० वेळा वाचलेला. रिपोर्ट पाहून कोणालाही तपासणी नीट झाली असंच वाटलं असतं.

वडिलांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, निगेटिव्ह म्हणजे आजार नाही ना?” त्या दिवशी त्यांना मिळालेलं उत्तर अर्धवट होतं. पुढचे अकरा महिने त्यात गेले.

बाजूला पडलेल्या दोन नोंदी

फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी आधीपासून होत्या. पहिली म्हणजे नेत्रतज्ज्ञांची नोंद: भिंगं खाली आणि नाकाच्या बाजूला सरकली आहेत. मार्फनमध्ये भिंग बहुधा वर आणि बाहेरच्या बाजूला सरकतं. खाली आणि आत सरकलेलं दिसलं की होमोसिस्टिन्युरियाची, म्हणजे होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल शरीरात साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका घ्यायची असते. ही ओळ प्रयोगशाळेच्या अर्जावर उतरलीच नाही.

दुसरी नोंद रक्तातल्या होमोसिस्टीनची. ते लिटरला १८६ मायक्रोमोल होतं, जे साधारण १५ च्या आत हवं. पण घर माळकरी, मांसाहार नाही, आणि मुलाचं बी१२ कमी निघालं. बी१२ कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं, आणि शाकाहारी घरांत हे चित्र नेहमीचं आहे. त्यामुळे वाढलेल्या आकड्याला कारण सापडल्यासारखं झालं. इंजेक्शनं दिली. सहा आठवड्यांनी बी१२ भरपूर वर आलं, होमोसिस्टीन मात्र १५८ वर अडकलं. तोवर एक्झोमचा निगेटिव्ह रिपोर्ट हाती आला होता, त्यामुळे या १५८ कडे पुन्हा कोणी वळून पाहिलं नाही.

इथे मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल मोजलं असतं तर गुंता तिथल्या तिथे सुटला असता. सिस्टाथिओनिन बीटा-सिंथेज हे विकर, म्हणजे सीबीएस जनुकाचं उत्पादन, होमोसिस्टीनला सेरीनशी जोडून पुढच्या वाटेला लावतं. ही वाट बंद झाली की होमोसिस्टीन साठतं, त्यातलं बरंचसं परत मेथिओनिनमध्ये रूपांतरित होतं आणि मेथिओनिनही चढतं. बी१२ च्या कमतरतेत नेमकी ही परतीची वाट बंद असते, म्हणून मेथिओनिन कमी किंवा सर्वसाधारण राहतं. दोन आजारांत फरक करणारी ही चाचणी अकरा महिन्यांनी झाली, तीही शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञांनी आग्रह धरला म्हणून. त्यांचा आग्रह योग्यच होता. होमोसिस्टिन्युरिया असेल तर भूल देताना नायट्रस ऑक्साइड टाळावा लागतो आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गृहीत धरूनच तयारी करावी लागते. मेथिओनिन साधारण ४० च्या आत अपेक्षित होतं, ते ४१० निघालं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

आता प्रश्न असा उभा राहिला: रक्त सीबीएसकडे बोट दाखवतंय आणि एक्झोम म्हणतो सीबीएसमध्ये काही नाही. दोघांपैकी चुकतंय कोण?

डेटा मागवताना

बालरोगतज्ज्ञांनी नाशिकच्याच एका महाविद्यालयातल्या जैवमाहितीशास्त्राच्या शिक्षिकेला गाठलं. आईवडिलांच्या लेखी संमतीने प्रयोगशाळेकडून मूळ डेटा मागवला. आधी आली फक्त व्हीसीएफ फाइल, म्हणजे संदर्भ जीनोमपेक्षा (तुलनेसाठी वापरतात त्या प्रमाण मानवी जीनोमपेक्षा) वेगळ्या निघालेल्या जागांची यादी. सीबीएसच्या संपूर्ण भागात त्या फाइलमध्ये एकही ओळ नव्हती.

बहुतेक ठिकाणी तपास इथेच थांबतो आणि चूक इथेच पक्की होते. व्हीसीएफमध्ये एखाद्या जागी ओळ नसण्याचे दोन अर्थ होतात. एक, तिथे वाचन झालं आणि ते संदर्भ जीनोमसारखंच निघालं. दोन, तिथे विश्वासार्ह वाचन झालंच नाही. साध्या व्हीसीएफमध्ये हे दोन्ही सारखेच दिसतात. जीव्हीसीएफ असती तर न बदललेल्या जागांचीही डेप्थ आणि गुणवत्ता तिच्यात मिळाली असती. शिवाय साधारण २३ हजार बेसपर्यंत पसरलेल्या जनुकात निरुपद्रवी बदलसुद्धा एकही नाही, हे स्वतःच खटकायला हवं होतं.

म्हणून फास्टक्यूच्या दोन्ही फाइल (यंत्राने वाचलेले डीएनएचे आखूड तुकडे, म्हणजे रीड), बॅम (ते रीड संदर्भावर कुठे बसले याची फाइल), तिची इंडेक्स आणि एक्झोम किटची बेड फाइल (लक्ष्यित भागांचे पत्ते) अशी स्पष्ट मागणी केली. आठवड्याने हार्ड डिस्क कुरिअरने आली. प्रत्येक फाइलची एमडी५ बेरीज (फाइल अखंड आहे का ते सांगणारा आकडा) प्रयोगशाळेने कळवलेल्या बेरजेशी ताडून पाहिली. हे काम दहा मिनिटांचं असतं, पण ते टाळलं तर अर्धवट कॉपी झालेल्या फाइलवर आठवडाभर काम होऊ शकतं.

पहिली तपासणी बॅमच्या शीर्षकाची. सॅमटूल्स या प्रोग्रॅमने नुसतं शीर्षक काढलं की प्रत्येक गुणसूत्राची लांबी दिसते. २१ व्या गुणसूत्राची लांबी ४,६७,०९,९८३ असेल तर संदर्भाची जीआरसीएच३८ ही आवृत्ती, आणि ४,८१,२९,८९५ असेल तर त्याआधीची जीआरसीएच३७. सीबीएस याच गुणसूत्रावर आहे. इथे ४,६७,०९,९८३ होती. त्याच शीर्षकातल्या प्रोग्रॅमच्या ओळींवरून अलाइनमेंट, म्हणजे रीड संदर्भावर बसवण्याचं काम, बीडब्ल्यूए-मेमने केल्याचंही कळलं. रिपोर्टमध्ये संदर्भाची आवृत्ती ‘ह्यूमन जीनोम’ एवढीच लिहिली होती.

अडचण नेमकी कुठे होती

सीबीएसची डेप्थ दोन तऱ्हांनी काढली. आधी कुठलीही गाळणी न लावता. एक्झॉननिहाय (एक्झॉन म्हणजे जनुकातले प्रथिनासाठी वापरले जाणारे तुकडे) ४० ते ५० च्या दरम्यान आकडे आले. मग मॅपिंग क्वालिटी (रीड त्याच जागेचा आहे याची खात्री) किमान २० ही अट घालून. आता जवळजवळ प्रत्येक एक्झॉनवर शून्य, एकदोन ठिकाणी ३.

आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा भाग उघडल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. शेजारच्या जनुकांवरचे रीड भरीव राखाडी रंगाचे, आणि सीबीएसच्या हद्दीत शिरताच सगळे पोकळ, नुसत्या कडा असलेले. आयजीव्ही मॅपिंग क्वालिटी शून्य असलेले रीड असेच दाखवतं. कोणत्याही एका रीडवर क्लिक केलं की एक्सए टॅगमध्ये त्याच रीडचा दुसरा पत्ता दिसत होता: तेच २१ वं गुणसूत्र, पण ६४ लाखांच्या आसपासची जागा. सीबीएसची खरी जागा जीआरसीएच३८ मध्ये ४ कोटी ३० लाखांच्या पुढे आहे. म्हणजे प्रत्येक रीडला जीनोममध्ये दोन तंतोतंत सारखी घरं सापडत होती.

६४ लाखांजवळच्या त्या घराला संदर्भात सीबीएसएल असं नाव आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जीआरसीएच३८ प्रसिद्ध झाला, तेव्हा २१ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेत काही तुकडे चुकून दुसऱ्यांदा जोडले गेले. माणसाच्या पेशीत ही दुसरी प्रत नसते, ती फक्त संदर्भाच्या फाइलमध्ये आहे. सीबीएसबरोबर केसीएनई१, सीआरवायएए, यू२एएफ१ आणि एसआयके१ या जनुकांच्याही अशाच खोट्या प्रती तिथे आहेत.

बीडब्ल्यूए-मेमला दोन सारख्या जागा दिसल्या की ते रीड कुठल्याही एका जागी टाकतं आणि मॅपिंग क्वालिटी शून्य देतं. म्हणून ९२ ची डेप्थ निम्मी होऊन ४५ च्या आसपास दिसत होती. उरलेले निम्मे रीड सीबीएसएलवर जाऊन पडले होते. व्हेरिअंट, म्हणजे जनुकातले बदल, शोधणारा जीएटीकेचा हॅप्लोटाइपकॉलर मॅपिंग क्वालिटी २० च्या खालचे रीड मुळातच बाजूला काढतो. त्याच्या दृष्टीने सीबीएसवर एकही रीड नव्हता. प्रयोगशाळेच्या कव्हरेजच्या आकड्यात मात्र हे पोकळ रीडही मोजले गेले होते, त्यामुळे हे जनुक ‘२० पेक्षा जास्त’ या रकान्यात ऐटीत बसलं होतं. गाळणी कव्हरेज मोजताना वेगळी आणि व्हेरिअंट शोधताना वेगळी होती. अकरा महिन्यांचं मूळ या एका विसंगतीत आहे.

अनेक पाइपलाइनमध्ये (विश्लेषणाच्या ठरावीक साखळ्यांमध्ये) ऑल्ट काँटिग, म्हणजे काही भागांच्या पर्यायी आवृत्त्या, नसलेला जीआरसीएच३८ वापरतात, आणि त्यामुळे असे प्रश्न सुटतात असा समज आहे. या बाबतीत तो खोटा ठरतो. सीबीएसएल मुख्य २१ व्या गुणसूत्रातच बसलेलं आहे, ऑल्ट काँटिग काढून ते जात नाही.

समोरचे पर्याय

पाच वाटा होत्या.

सीबीएसचं थेट सँगर सिक्वेन्सिंग (एकेक तुकडा वेगळा घेऊन वाचणं) करावं, ही सगळ्यात सरळ. पण एक्झॉन बरेच, प्रत्येकासाठी प्रायमर मागवायचे, आणि निकाल येईपर्यंत तीन-चार आठवडे. शिवाय आजार सीबीएसमध्ये नसून दुसऱ्याच जनुकात असेल तर हाती काहीच नाही.

पूर्ण जीनोम नव्याने करावा, असंही सुचवलं गेलं. खर्च मोठा, आणि त्याच न बदललेल्या संदर्भावर आखूड रीड बसवले तर दोष जसाच्या तसा राहतो. जास्त डेटा घेतल्याने संदर्भातली चूक भरून निघत नाही. हा पर्याय लगेच सोडला.

जीआरसीएच३७ वर परत अलाइन करावं. त्यात सीबीएसची खोटी प्रत नाही, त्यामुळे काम होईल. पण जुन्या संदर्भाचे स्वतःचे दोष आहेत, आणि सगळे पत्ते बदलल्याने रिपोर्टशी तुलना करताना घोळ होतो.

२०२२ मध्ये पूर्ण झालेला टी२टी-सीएचएम१३ हा नवा संदर्भ वापरावा. या प्रश्नावर तो सर्वांत स्वच्छ. पण क्लिनव्हार (बदलांच्या वैद्यकीय अर्थाचा डेटाबेस), नोमॅड (लोकसंख्येत बदल किती आढळतात याचा डेटाबेस) यांच्या नोंदी त्या पत्त्यांवर आणण्याचं काम वाढतं, आणि क्लिनिकल अर्थ लावायला हाताशी असलेली बहुतेक साधनं अजून जीआरसीएच३८ ची भाषा बोलतात.

पाचवी वाट म्हणजे जीआरसीएच३८ च ठेवायचा, फक्त खोट्या प्रती ‘एन’ अक्षरांनी झाकून टाकायच्या. पत्ते तेच राहतात, साधनं तीच चालतात. खोट्या प्रतींची यादी जीनोम रेफरन्स कॉन्सॉर्शियमने बेड फाइलच्या रूपात दिलेली आहे. ‘जीनोम इन अ बॉटल’ गटाने एचजी००२ नमुन्यावर वैद्यकीय महत्त्वाच्या २७३ अवघड जनुकांचा जो मापदंड २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अशा खोट्या प्रती झाकल्यावर या भागांतले व्हेरिअंट सापडण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं असं दाखवलं होतं. इतका मोठा फरक पाइपलाइनमधल्या दुसऱ्या कुठल्याही बदलाने क्वचितच पडतो.

निर्णय असा झाला: आधी फक्त सीबीएसपुरती झटपट चाचणी, मग झाकलेल्या जीआरसीएच३८ वर पूर्ण एक्झोम, आणि एका जनुकापुरता जीआरसीएच३७ वर पडताळा.

काय केलं

झटपट चाचणीसाठी बॅममधून सीबीएस आणि सीबीएसएल या दोन्ही भागांतले रीड काढले. फक्त सीबीएसचे काढले असते तर निम्मेच हाती आले असते. जोडीतला एक रीड भागाच्या आत आणि दुसरा बाहेर असं होतं, म्हणून सॅमटूल्स व्ह्यूचा जोडीदार रीडही आणणारा पर्याय (कॅपिटल पी) लावला. मग सॅमटूल्स कोलेटने जोड्या एकत्र आणून फास्टक्यू तयार केल्या.

झाकलेला संदर्भ बेडटूल्सच्या मास्कफास्टाने बनवला. इथे पहिला घोटाळा झाला. हाताशी असलेल्या बेड फाइलमध्ये गुणसूत्राचं नाव नुसतं ‘२१’ असं झालं होतं, फास्टामध्ये, म्हणजे संदर्भाच्या फाइलमध्ये, ‘सीएचआर२१’. नावं जुळली नाहीत तर मास्कफास्टा काहीही झाकत नाही आणि काम मात्र व्यवस्थित संपतं. फाइल तयार, आकार तोच, चूक कुठेच दिसत नाही. ती पकडली गेली कारण पुढे जाण्याआधी सॅमटूल्स फायडेक्सने सीबीएसएलच्या मधले शंभर बेस छापून पाहिले. तिथे ‘एन’ची रांग हवी होती, आली ए-सी-जी-टी. नावं सुधारून पुन्हा केलं, तेव्हा शंभरच्या शंभर ‘एन’ आले. संदर्भात हात घातला की ही एक ओळीची तपासणी कधीही सोडू नये.

झाकल्यानंतर बीडब्ल्यूएची इंडेक्स नव्याने करावी लागते. जुनी इंडेक्स त्याच नावाने फोल्डरमध्ये पडून असेल तर बीडब्ल्यूए तीच उचलतं आणि अलाइनमेंट जुन्याच संदर्भावर होते. म्हणून नवीन संदर्भाला वेगळं नाव, वेगळा फोल्डर. महाविद्यालयाच्या संगणकात ८ कोअर आणि ३२ जीबी मेमरी होती. बीडब्ल्यूए-मेम२ वेगवान असलं तरी मानवी जीनोमची त्याची इंडेक्स बनवणं ३२ जीबीत बसत नाही, म्हणून जुनंच बीडब्ल्यूए घेतलं. इंडेक्सला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला.

निवडक रीड नव्या संदर्भावर बसवायला काही मिनिटं पुरली. आयजीव्ही पुन्हा उघडलं. सीबीएसवरचे रीड आता भरीव होते, मॅपिंग क्वालिटी ६०. आठव्या एक्झॉनमध्ये ४,३०,६३,०७४ या जागी सगळे रीड ‘जी’ दाखवत होते, संदर्भात तिथे ‘ए’ आहे. आधीच्या बॅममध्ये त्या जागी सीबीएसवर ४१ आणि सीबीएसएलवर ४३ पोकळ रीड होते. आता ८४ रीड, सगळे एकाच जागी. सीबीएस उलट्या धाग्यावर असल्यामुळे जनुकाच्या भाषेत हा बदल सी.८३३टी>सी होतो, आणि प्रथिनात २७८ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी थ्रिओनिन येतं. हा सीबीएसमधला जगभर नोंदलेला, क्लिनव्हारमध्ये रोगकारक म्हणून असलेला बदल आहे, आणि तो असणाऱ्या रुग्णांना बी६ बहुतेकदा लागू पडतं.

आनंद होण्याजोगा क्षण होता, पण या नेमक्या बदलाला एक सापळा आहे. सीबीएसमध्ये ६८ बेसचा एक निरुपद्रवी जोडतुकडा काही लोकांत आढळतो, आणि त्या तुकड्याबरोबर सी.८३३टी>सी हा बदलही येतो. आरएनए जोडताना ती जागा गाळली जाते, त्यामुळे आजार होत नाही. आखूड रीडमध्ये हा तुकडा असेल तर त्या जागेच्या जवळ रीडची टोकं संदर्भाशी न जुळता तुटल्यासारखी (सॉफ्ट-क्लिप) दिसतात, आणि बदल सगळ्या रीडमध्ये न येता काहींतच येतो. इथे ८४ पैकी ८४ रीडमध्ये ‘जी’ आणि तुटलेली टोकं एकही नाही. तरीही हा प्रश्न जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून) सोडवायचा ठरलं, कारण पीसीआरचा तुकडा ६८ बेसने लांब आला की तो उघड दिसतो.

मग पूर्ण एक्झोम. पहिल्या रात्री सॉर्टिंग चालू असताना वीज गेली आणि यूपीएस पुरला नाही. सकाळी बॅम फाइल जागेवर होती, आकारही पटण्यासारखा. सॅमटूल्स क्विकचेकने मात्र शेवटचा ब्लॉक नसल्याचं सांगितलं. ती फाइल टाकून सॉर्टिंगपासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट खुणावणं आणि व्हेरिअंट कॉलिंग पूर्ण झालं. सीबीएसमधला बदल एक-बाय-एक, म्हणजे दोन्ही प्रतींत, असा नोंदला गेला. जीआरसीएच३७ वरच्या पडताळ्यात तोच बदल ४,४४,८३,१८४ या जागी आला.

बीसीएफटूल्सच्या आरओएचने सलग एकसारखे पट्टे काढले. आईवडील सख्खे आते-मामे भावंडं असले की मुलाच्या जीनोमचा सरासरी सोळावा हिस्सा असा असतो. यादीतली दोन अप्रभावी जनुकं (दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो अशी) इथे महत्त्वाची होती. सीबीएस एका लांब पट्ट्याच्या आत होतं, एडीएएमटीएसएल४ कोणत्याच पट्ट्यात नव्हतं. हा पट्टा सीबीएसच्या शेजारच्या, नीट वाचलेल्या व्हेरिअंटवरून दिसत होता. म्हणजे प्रयोगशाळेच्या मूळ व्हीसीएफमधूनही तो पहिल्या दिवशी काढता आला असता.

अर्थ लावताना व्हीईपी या प्रोग्रॅममध्ये एनएम_००००७१.३ हा सीबीएसचा प्रमाण मानलेला (मेन सिलेक्ट) ट्रान्सक्रिप्ट धरला. लोकसंख्येतलं प्रमाण पाहताना एक काळजी घेतली. नोमॅडची चौथी आवृत्ती जीआरसीएच३८ वरच बेतलेली आहे, त्यामुळे सीबीएसमध्ये तिथे एखादा बदल दिसत नाही याचा अर्थ तो दुर्मीळ आहे असा घेता येत नाही. जो दोष रुग्णाच्या डेटात आहे तोच डेटाबेसातही असू शकतो. या जनुकासाठी जीआरसीएच३७ वर बेतलेली २.१ आवृत्ती पाहिली.

महाविद्यालयात निघालेला निकाल हा संशोधनाचा निकाल, त्यावर उपचार ठरवायचे नाहीत, हे पहिल्यापासून सगळ्यांना स्पष्ट होतं. मुलाचा आणि आईवडिलांचा नवा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सँगरसाठी गेला. मुलात बदल दोन्ही प्रतींत, आई आणि वडील दोघंही वाहक, आणि पीसीआरचा तुकडा अपेक्षित लांबीचा. ६८ बेसचा जोडतुकडा नव्हता.

निष्पत्ती

चयापचय आजारांच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुलाला फॉलिक ॲसिडसह पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६, रोज २५० मिलिग्रॅम सुरू झालं. सहा आठवड्यांनी होमोसिस्टीन १५८ वरून ३८ वर आलं. त्यानंतर मात्रा कमी करत नेली, कारण बी६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर नसांना इजा होऊ शकते. भिंगांची शस्त्रक्रिया नायट्रस ऑक्साइड न वापरता, शरीरात पाणी भरपूर ठेवून झाली. दृष्टी चष्म्यासह शाळेपुरती चांगली आली. अभ्यासातलं मागेपण किती भरून निघेल हे पुढेच कळेल. ते अकरा महिने मात्र परत मिळणारे नाहीत.

धाकट्या बहिणीच्या तपासणीत वेगळाच गोंधळ झाला. तिचं होमोसिस्टीन पहिल्यांदा २४ आलं आणि घरात पुन्हा काळजी पसरली. चौकशी केल्यावर कळलं की रक्त निफाडला एप्रिलच्या दुपारी काढलं होतं आणि नळी बर्फाशिवाय नाशिकला आली होती. रक्तपेशी वेगळ्या करेपर्यंत होमोसिस्टीन नळीतही वाढत राहतं. दुसरा नमुना नाशिकच्याच प्रयोगशाळेत काढून, बर्फात ठेवून, तासाभरात प्लाझ्मा वेगळा केला. तो ९ आला. सँगरमध्ये ती वाहक निघाली.

मूळ प्रयोगशाळेला सगळी चित्रं आणि फाइल पाठवल्या. त्यांनी सुधारित रिपोर्ट दिला आणि संदर्भ बदलून घेतला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती पहिल्या दिवशीची होती. अर्जावर निदानाऐवजी लक्षणं लिहायला हवी होती: सरकलेलं भिंग (लक्षणांच्या एचपीओ सूचीत एचपी:०००१०८३), त्याची दिशा, होमोसिस्टीनचा आकडा, आईवडिलांचं नातं. ‘मार्फन?’ वाचणारा विश्लेषक एफबीएन१ पाहतो. ‘होमोसिस्टीन १८६’ वाचणारा सीबीएस उघडून बघतो आणि तिथले पोकळ रीड त्याला दिसतात.

बी१२ दिल्यानंतरचा १५८ हा खरा निर्णयाचा क्षण होता. कमतरता भरून निघाली आणि आकडा उतरला नाही, तर ती कमतरता कारण नव्हती किंवा एकटी नव्हती. तिथे मेथिओनिन मागवणं हा एक्झोमच्या कितीतरी आधीचा आणि कमी खर्चाचा टप्पा आहे. जनुकीय रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून रक्ताचा आकडा बाजूला ठेवला गेला. व्हायला हवं होतं उलट: आकडा ठाम आहे म्हणून रिपोर्टवर प्रश्न विचारायला हवा होता.

प्रयोगशाळेच्या बाजूने सरासरी डेप्थ देणं पुरेसं नाही. यादीतल्या प्रत्येक जनुकासमोर, व्हेरिअंट शोधताना जी गाळणी लावली तीच लावून, किती टक्के भाग वाचला गेला हे छापायला हवं. मॉसडेप्थ या प्रोग्रॅमला मॅपिंग क्वालिटीची अट आणि जनुकांची बेड फाइल दिली की हा तक्ता काही मिनिटांत निघतो. या रिपोर्टमध्ये सीबीएससमोर शून्याच्या जवळचा आकडा छापला असता, तर त्याला निगेटिव्ह म्हणायची हिंमत कोणी केली नसती.

झाकण्याचा उपाय मात्र सगळीकडे चालवू नये. सीबीएसएल खोटी प्रत आहे म्हणून ती झाकणं योग्य. एसएमएन१-एसएमएन२, एचबीए१-एचबीए२, पीएमएस२ आणि तिची छद्मजनुकं (जनुकाच्या निकामी प्रती), सीवायपी२१ए२ आणि तिची जोडीदार प्रत, या खऱ्या जोड्या आहेत, माणसाच्या पेशीत दोन्ही असतात. तिथे एक प्रत झाकली तर दोघांचे रीड एकावर येऊन पडतात आणि भलतेच बदल दिसू लागतात. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांत अल्फा थॅलेसेमिया सोबत आहे का हे पाहताना हा प्रश्न नेमका उभा राहतो, आणि त्याची उत्तरं वेगळी आहेत: गॅप-पीसीआर, एमएलपीए, किंवा प्रतींची संख्या मोजणारी खास साधनं.

महाविद्यालयाच्या गटाने नंतर आपल्याकडच्या जुन्या, न झाकलेल्या जीआरसीएच३८ वरच्या बॅम फाइल पुन्हा काढल्या आहेत. संपूर्ण पुनर्विश्लेषण करण्याएवढा संगणक-वेळ नाही, म्हणून आधी सीबीएस, केसीएनई१, सीआरवायएए आणि एसआयके१ एवढ्याच भागांची दोन तऱ्हांनी डेप्थ मोजली जाते. जिथे दोन आकड्यांत मोठा फरक, तिथले रीड झाकलेल्या संदर्भावर परत बसवायचे. एका नमुन्याला वीसेक मिनिटं लागतात. कामाचा क्रम ठरवताना केसीएनई१ पहिलं घेतलं आहे, कारण ते हृदयाच्या लयीशी संबंधित आहे आणि तिथला सुटलेला बदल वाट पाहत बसत नाही.